घाटाचं माप

अर्ज मीच लिहिला होता, शाळेच्या रेघी कागदावर:
"सावरटोला येथील घाटास पायऱ्या नाहीत,
डोंगा बांधण्यास जागा नाही, तरी…"
'तरी'पुढं काय लिहावं, सुचेना.
तरी आम्ही रोज जातोच,
असं अर्जात लिहायची पद्धत नाही.

सकाळी सातला मी चपला हातात घेते.
फागो पचारेच्या डोंग्यात माझी सायकल आडवी,
तिच्या चाकात कुणाच्या तरी बकरीचा पाय,
खिचडीच्या तांदळाचं पोतं कोरडं राहावं म्हणून
सहावीतल्या दोघी त्याच्यावर बसलेल्या.
धरण झाल्यापासून वैनगंगा चालत नाही, नुसती बसते
आणि बसल्या जागी पसरते.

जुना घाट दगडी होता म्हणे.
फागो बांबूनं चाचपून दाखवतो,
"हे पाहा बाई, देवळाची पायरी. हा परटाचा गोटा."
ठक्.
मुली कान देऊन ऐकतात.
त्यांच्या आज्यांचं गाव एवढंच, बांबूएवढं खोल.

साडेतीन वर्षांनी कोतपल्लीवार नावाचा
इंजिनियर आला. कोवळा, पांढऱ्या बुटांचा.
मोटारसायकलच्या टाकीवर त्यानं नकाशा पसरला:
बावीस पायऱ्या, स्टीलचा कठडा,
सिमेंटची छत्री, आणि पर्यटनासाठी
पायानं चालवायचे चार हंस.

रायवंता झिंग्यांची टोपली घेऊन मागं उभी होती.
"बावीस पायऱ्या? कोन्या मयन्याच्या?"
त्याला कळलं नाही.
"पुसात दोन उघड्या रायतीन. चैतात पानी जाते
थ्या येनापाशी. बावीस सरल्यावर मानसानं
गाऱ्यात उडी मारावं का?"
मग टोपली खाली ठेवून, सावकाश,
"पोटुशी बाई पायऱ्या उतरत नाई बापू, उतार उतरते.
बकरी उतारानं. बाईची सायकल उतारानं.
मढंबी उतारानंच नेतेत."

त्यानं खोडरबर मागितलं.
माझ्या पर्समध्ये होतं, शाळेतलं, वासाचं.

"भादव्यात पाणी कुठवर येतं?"
ती बाभळीला पाठ लावून उभी राहिली,
तळहात कानाच्या पाळीशी धरला. "अठवर."
त्यानं टेप लावला. फागोनं खालचं टोक धरलं.
एक मीटर बेचाळीस.
फाइलीत त्याचं नाव झालं उच्च पूर पातळी.
कान कुणाचा, ते फाइलीत नाही.

आता उतार आहे,
पाय घसरू नये म्हणून आडव्या रेघा मारलेला.
कडेनं लोखंडी कड्या, वरपासून खालपर्यंत नऊ,
पाणी हटेल तसा डोंगा कडी बदलतो.
खाली निळ्या ड्रमांवर फळ्यांची तरंगती जेटी,
पाऊल ठेवलं की जरा दबते,
आपलं वजन तिला सांगितल्यासारखं वाटतं.
छत्री झाली नाही. हंस एकच आला, मानेत तडा घेऊन,
त्याच्यावर फागो जाळं वाळवतो.

पहिल्या दिवशी मी सवयीनं चपला काढल्या,
आणि कोरड्या सिमेंटवर
चपला हातात धरून उभी राहिले.
अकरा वर्षं या चिखलानं माझी टाच ओळखली होती.
बिसनाबाईची सून, आठवा महिना, बाजूनं गेली.
कुणाचा हात न धरता.
मी चपला घातल्या.

रायवंता अजून शेजारच्या गाऱ्यातूनच उतरते.
म्हटलं, "मावशी, तुमच्याच सांगण्यावरून झाला ना उतार?"
"झिंगे सिमेटात रायतेत का?" म्हणाली,
आणि गुडघाभर पाण्यात गेली.

या भादव्यात पाणी सर्वांत वरच्या कडीला लागलं.
कोतपल्लीवारचा फोन आला, काळजीचा.
मी रायवंताला विचारलं.
तिनं बाभळीपाशी जाऊन पाहिलं, ओला हात पुसला,
"सांग त्याले. खांद्याखालीच हाय अजून."